घोरमारे सरांची भिंत

टाइल्स लावलेल्या देवळात घोरमारे सर पाय ठेवत नसत. घरची माणसं, पाहुणे, नातवंडं आत जाऊन येईपर्यंत ते बाहेर चपलांच्या ढिगाऱ्यापाशी उभे राहत, तिथूनच हात जोडत आणि नाकाला रुमाल लावत. नागपुरात आता टाइल्स नसलेलं देऊळ शोधावं लागतं, त्यामुळे सरांनी देव बहुतेक लांबूनच पाहिला. एकदा एक पुजारी अगत्यानं त्यांना बोलवायला बाहेर आला. "या ना सर, आत या, दर्शन घ्या." सर शांतपणे म्हणाले, "नाही बापा. देवाची आंघोळ चालू असन. बाथरूममधे कोणाच्या असा घुसू काय मी?" पुजारी भला माणूस होता. "नाही जी, आंघोळ तं सकाळीच झाली," असं तो म्हणाला आणि सरांना प्रसाद बाहेर आणून दिला.

सर आम्हाला आर्किटेक्चर कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवत. मूळचे पारशिवनीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. जगभरच्या कमानी आणि घुमट त्यांना पाठ, पण बोलणं गावचंच ठेवलं होतं आणि त्याची त्यांना ना लाज होती ना मिजास. पहिल्या आठवड्यात मुलं तोंडावर हात धरून हसली. सरांनी हसू दिलं आणि भिंतीवर थाप मारून म्हणाले, "भिंत म्हणजे जनावर हाय राजेहो. तिले तहान लागते, घाम येते, अन् नाक दाबलं तं मरते. एवढं समजलं तं माझा तास समजला. नाही समजलं तं बाहेर चहा चांगला मिळते."

किळस हा सरांचा स्थायीभाव होता. वरचा ओठ डावीकडून किंचित वर जायचा, डोळे मिटायचे आणि मान हळूहळू दुसरीकडे वळायची. मग वाक्य यायचं, "ओकारी येते मले." माझं पहिलं ड्रॉइंग याच वाक्यानं मला परत देण्यात आलं. कॅन्टीनच्या सांबारला, कॉलेजच्या नव्या काचेच्या दर्शनी भागाला, पाहुणे मंत्री आले तेव्हा दारात उभारलेल्या थर्माकोलच्या खांबांनाही तेच वाक्य मिळालं. पण ज्याची आम्हाला किळस यायची त्याची सरांना कधी आली नाही. एका जुन्या कोठडीत वटवाघळांच्या लेंड्यांचा थर होता, आम्ही सगळे नाक धरून बाहेर पळालो. सर आत बसून त्यातली मूठभर हातात घेऊन म्हणाले, "हे खत हाय. घाण तिकडं पाहा," आणि कोणीतरी दगडी चौकटीला फासलेल्या गुलाबी ऑइलपेंटकडे बोट दाखवलं.

ती कोठडी गोसाव्यांच्या मठातली. सरांच्या गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे आणि टेकडीच्या माथ्यावर हा मठ. मठ म्हटल्यावर तुळशीवृंदावन आणि ओसरी डोळ्यांसमोर येते, तसं इथं काही नव्हतं. लांबून पाहिलं तर किल्लाच. चहूबाजूंनी तट, कोपऱ्यांवर बुरूज, तटात बंदुकीची नळी बसेल एवढ्या जंग्या, मधल्या चौकाभोवती गोसाव्यांच्या कोठड्या, एका अंगाला महंतांच्या समाध्या, पायऱ्यांची विहीर आणि जमिनीखाली धान्याची पेवं. दुसऱ्या वर्षाला सर आम्हाला तिथं घेऊन गेले होते. हे गोसावी जप करत, व्यापार करत आणि गरज पडली तर तलवारही चालवत, असं त्यांनी सांगितलं. पेंढाऱ्यांच्या धास्तीच्या दिवसांत खालचं गाव गुरंढोरं, पोरंबाळं आणि दाणागोटा घेऊन वर येई आणि मठाचं दार लागे.

दार तर बघण्यासारखंच होतं. सरळ आत जाताच येत नसे. दोन बुरुजांच्या मधून वळण घ्यायचं, मग मोठा दरवाजा, आणि त्या दरवाजाच्या पोटात एक ठेंगणी दिंडी. दिंडीतून कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. गावातली माणसं सांगत, देवापुढे माणूस नम्र व्हावा म्हणून ती ठेंगणी ठेवली आहे. आमच्यातल्या एकीने तसं लिहूनही घेतलं. सर तिला म्हणाले, "खोड थे. वाकून येणाऱ्याची मान आतल्या माणसाले बरोबर सापडते. मान कापायची सोय हाय ही, नमस्काराची नाही." मग दिंडीतून स्वतः वाकून आत जाताना त्यांनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आम्ही पाहिलं ते त्यांना कळलं. "मी भेतो म्हणून करतो," म्हणाले.

पण सरांचा जीव दाराहून भिंतीत जास्त होता. दक्षिणेकडचा तट त्यांनी आम्हाला अर्धा दिवस दाखवला. दोन्ही अंगांनी दगड, मधे दगडगोटे आणि चुन्याचा भराव, वरून चुन्याचाच गिलावा. पाऊस तटाच्या डोक्यातून आत उतरतो, भराव पाणी पितो, आणि मग चुना ते पाणी सावकाश बाहेर सोडतो. उरलेलं पाणी जाण्यासाठी खालच्या अंगाला भोकं ठेवलेली. चुना दरवर्षी थोडा झडतो, म्हणून दरवर्षी लावायचा. त्यासाठी गावात एक रीत होती. महाशिवरात्रीच्या आधी प्रत्येक घरानं वर येऊन तटाचा आपला पट्टा चुन्यानं रंगवायचा. कोणाचा पट्टा कुठून कुठवर, हे शेताच्या धुऱ्या-बांधासारखं सगळ्यांना ठाऊक असे. घोरमाऱ्यांचा पट्टा दक्षिणेला, पहारेकऱ्यांच्या देवडीला लागून. सरांची आई म्हातारपणीही कुंचा घेऊन वर चढत असे, आणि सर कॉलेजची रजा टाकून तिच्यामागे बादली घेऊन.

पुढे मी आर्किटेक्ट झाले आणि मनीषनगरात लहानसं ऑफिस काढलं. तिथं रोज नवनव्या इमारती उठतात आणि माझं पोट त्यांतल्या फ्लॅटवर चालतं. खरं सांगायचं तर टाइल्सवरच चालतं, कारण लोकांना माझ्याकडून एवढंच हवं असतं की बाथरूमला कोणती घ्यावी. सर रिटायर होऊन त्याच भागात राहायला आले होते. येता-जाता ऑफिसात डोकावत, टेबलावर पसरलेले टाइल्सचे नमुने पाहत आणि विचारत, "काय वं कुंभारे, आज कोणाच्या घराले रोग लावला?" मी चहा सांगायची. रागावण्याजोगं त्यात काही नव्हतं, कारण मलाही त्या नमुन्यांकडे पाहून अधूनमधून तसंच वाटे.

मग एका उन्हाळ्यात मठाचा जीर्णोद्धार पुरा झाल्याची बातमी आली. सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दोन-तीन वर्षं त्यांना टेकडी चढवली नव्हती. त्यांनी मला गाडी काढायला लावली.

वर पोचलो तर सगळं पालटलेलं. मोठा दरवाजा उखडून टाकला होता, कारण रथ आत यायला हवा होता. रथ म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवलेला फायबरचा मोर. दिंडी भंगारात. जंग्यांमध्ये एलईडीच्या माळा, आणि ज्यांत माळा नव्हत्या त्यांत तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या आणि पन्न्या. लोकांनी थुंकू नये म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या टाइल्स लावल्या होत्या, तर बहाद्दरांनी देव सोडून बरोबर बाजूला थुंकून ठेवलं होतं. समाध्यांवर स्टीलचे कठडे, विहिरीवर लोखंडी जाळी आणि जाळीवर निर्माल्याचा कुजलेला ढीग. आणि दक्षिणेचा तो तट, आतल्या अंगानं, जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत टाइल्सनं मढवलेला. पिवळ्या, चकचकीत, फुलाफुलांच्या. मी माझ्या ऑफिसात ज्या गिऱ्हाइकाला दाखवायलाही लाजते, त्या.

ट्रस्टचे अध्यक्ष बबनराव हौसेनं दाखवत फिरत होते. माणूस खोटा नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं. "वर्षावर्षाची कटकट गेली पाहा सर," ते म्हणाले. "चुना लावा, थो झडते, आंगावर पडते, बायाईची लुगडी खराब होते. आता फडकं मारलं का साफ." आणि कोणाचा हक्क जाऊ नये म्हणून त्यांनी फार विचार केला होता. ज्या घराचा जो चुन्याचा पट्टा, त्याच घरानं तिथं टाइल्स द्यायच्या, आणि मधल्या टाइलवर आपल्या मेलेल्या माणसाचं नाव घालायचं. अख्ख्या भिंतीवर नावं होती. अमक्याच्या स्मरणार्थ, तमकीच्या स्मरणार्थ, काहींवर हार घातलेले फोटोसुद्धा भाजून घेतलेले. जुन्या रितीचं असं पोट फाडून तिच्यात भुसा भरण्याची कल्पना फक्त आपल्याच लोकांना सुचू शकते.

सर भिंतीच्या कडेनं चालत राहिले. देवडीपाशी आले आणि थांबले. तिथल्या टाइलवर त्यांच्या आईचं नाव होतं. ती टाइल सरांच्या मोठ्या बहिणीनं, गयाबाईनं, म्हणजे अक्कानं दिली होती. अक्काचं सासर गावातच, नवरा वारल्यावर ती एकटी राहत असे. ती तिथंच उभी होती, पदरानं टाइल पुसत. "चांगली दिसते न गा?" तिनं विचारलं. "मायचं नाव जाईन नाही आता. पाण्यानं नाही, उन्हानं नाही." सरांचा ओठ वर गेला आणि मी मनात म्हटलं, आता ते वाक्य बहिणीला ऐकवू नका. त्यांनी ऐकवलं नाही. खाली बसले, बोटांनी टाइल्सचा खालचा सांधा चाचपला आणि पाण्याची भोकं कुठं गेली ते विचारलं. बबनराव म्हणाले, "त्यातून उंदीर येत होते. बुजवले सिमेंटानं."

टाइल्स लागून एक पावसाळा झाला होता, आणि भिंत दोन हात लांबून पाहिली तर मधे पोट सुटल्यासारखी दिसत होती. मला दिसली, बबनरावांनाही दाखवली. सरांनी जमलेल्या गावकऱ्यांना समोर बसवून समजावलं. पाणी वरून जाते आहे आणि बाहेर यायला जागा नाही. भराव फुगतो आहे. पावसाळ्याच्या आधी टाइल्स निघाल्या नाहीत तर हा तट पडेल, आणि याच्याच सावलीत दर सोमवारी बाया भजनाला बसतात. "भिंतीचं नाक दाबलं तुम्ही," ते म्हणाले. लोकांनी ऐकून घेतलं. मग एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "सर, माझ्या पोराचं नाव हाय तिथं. तुम्ही त्याच्यावर हातोडा माराल?" बबनराव म्हणाले, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. आपल्याकडे हे वाक्य आलं की भिंतही कोसळायची थांबते असा सगळ्यांचा समज असतो.

त्यानंतर सर महिनाभर झटले. सरकारच्या पुरातत्त्व खात्यात गेले, तिथं मठ त्यांच्या यादीत बसत नाही असं कळलं. गावात घरोघर गेले. मी दोन-तीनदा सोबत होते. लोक चहा देत, पाया पडत आणि टाइलचं नाव काढलं की पंख्याकडे बघत. पहिले ढग दिसायला लागले तेव्हा एका सोमवारी सरांनी मला पुन्हा गाडी काढायला लावली. डिकीत हातोडा आणि छिन्नी होती. "दुसऱ्याच्या मेलेल्याले हात लावायचा हक्क नाही मले," रस्त्यात ते म्हणाले. "माझी माय माझी हाय. तिथून सुरू करतो. मंग पाहू कोण काहून नाही म्हणते."

भजनाच्या बाया बसलेल्या होत्या, अक्का त्यांत. सरांनी कोणाला काही न सांगता आईच्या नावावर छिन्नी धरली आणि हातोडा मारला. अक्का धावत आली. तिनं त्यांचा हात धरला, मग पाय धरले. "नको रे भाऊ, मायच्या तोंडावर मारून राहिला तू." सर थांबले नाहीत. एका हातानं तिला बाजूला करून त्यांनी पुन्हा मारला. नाव मधोमध तडकलं. खरं सांगते, त्या क्षणी मला सरांचीच किळस आली. खरेपणाचा इतका माज असावा का माणसाला, की समोर रडणारी म्हातारी बहीण दिसू नये?

मग टाइल खाली पडली आणि मागून पाणी आलं. काळं, तेलकट, मेलेल्या उंदरासारखा वास मारणारं. त्याच्याबरोबर झुरळं निघाली, लिबलिबीत पांढऱ्या अळ्या निघाल्या, आणि चिखल झालेला चुना गोळ्यागोळ्यांनी गळून सरांच्या पायांवर पडला. बाया पदर नाकाला लावून मागे सरल्या. भिंतीतून ते पाणी वाहतच राहिलं. सर घोरमाऱ्यांचा सगळा पट्टा मोकळा करेपर्यंत वाहत होतं आणि नंतरही. सर तसेच त्या घाणीत उभे राहून म्हणाले, "पाहा. प्रत्येकाच्या नावामागं हेच हाय." पुरावा याहून मोठा काय असतो? पण कोणीही पुढं आलं नाही. बबनरावांनी पोरांकडून फिनाईल आणून टाकून घेतलं. अक्कानं टाइलचे तुकडे ओच्यात गोळा केले आणि सरांकडे न बघता टेकडी उतरून गेली. ती पुढे त्यांच्याशी कधीच बोलली नाही. परत येताना मी सरांना म्हटलं, निदान तुमचा पट्टा तरी वाळेल. सर हातांचा वास घेत म्हणाले, "एका नाकपुडीनं जनावर जगत नाही वं."

भिंत त्याच पावसाळ्यात पडली. दुपारची वेळ होती, भजनाचा वार नव्हता, म्हणून माणसं वाचली. देवडी, बुरुजाचा निम्मा भाग आणि सगळी नावं एका ढिगात गेली, सरांनी मोकळा केलेला पट्टाही. मला वाटलं होतं, आता तरी कोणी सरांना फोन करून चुकलो म्हणेल. गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आलं ते असं, की नागपूरच्या सरांनी हातोडे मारले, त्यानं पाया हलला आणि मठ पडला. बबनरावांनी ते स्वतः लिहिलं नव्हतं, पण त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. ज्यांच्या घरी आम्ही चहा प्यालो होतो त्यांनीही टाकलं होतं. मी सरांना ते दाखवणार नव्हते, पण त्यांच्या पुतण्यानं आधीच दाखवलं. सरांनी वाचून फोन परत दिला. मी त्या वाक्याची वाट पाहत होते. ते म्हणाले, "अक्कानं वाचलं असन काय?"

त्यानंतर ते मठाबद्दल बोलले नाहीत. माझ्या ऑफिसात यायचे, नमुने पाहायचे, टोमणा मारायचे नाहीत. एकदा तर एका गिऱ्हाइकाला त्यांनी निळी टाइल निवडून दिली. मला ते पाहवलं नाही. ओठ वर न जाणारे घोरमारे सर म्हणजे दुसरंच कोणी माणूस होतं. पुढच्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. अक्का आली ती सगळं आटोपल्यावर, आणि त्यांच्या फोटोसमोर भिंतीला टेकून बसून राहिली.

वर्षश्राद्धाच्या सुमारास बबनरावांचा फोन आला. मठाची नवी भिंत तयार झाली आहे, सरांचा यथोचित सन्मान करायचा आहे, तुम्ही या. मी गेले. भिंत काँक्रीटची होती आणि तिच्यावर दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावल्या होत्या. दगडावरच्या छिन्नीचे खोटे घाव, तेही छापील, दर चौथ्या टाइलवर तोच घाव. देवडीच्या जागी लाल पडदा लावलेला. बबनराव माइकवर बोलले. सरांचं मठावर किती प्रेम होतं, त्यांच्या स्वप्नातला मठ आज कसा उभा राहिला, वगैरे. आणि हे सगळं ते मनापासून बोलत होते. ज्यांनी या माणसाला मठ पाडणारा ठरवलं तेच टाळ्या वाजवत होते आणि यात काही वावगं आहे असं एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

पडदा ओढायला अक्काला बोलावलं. तिनं ओढला. मागे टाइलवर सरांचा रंगीत फोटो होता, फोटोला छापील हार आणि खाली 'थोर मठप्रेमी घोरमारे सर यांच्या स्मरणार्थ'. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मिस्त्री कोण आहे ते विचारलं. टाळ्या चालूच होत्या. कोपऱ्यातला एक माणूस पुढं आला तेव्हा ती म्हणाली, "हे काढ बापा." बबनराव समजुतीनं हसले, म्हणाले, "अक्का, सन्मान हाय थो सरांचा." ती त्या टाइलखाली फरशीवरच बसली. लोक पाहून राहिले आहेत असं त्यांनी वाकून सांगितलं. "पाहू दे," ती म्हणाली. जेवणाची पानं वाढली गेली, माइक बंद झाला, तरी ती उठली नाही, आणि बबनरावांनी शेवटी मिस्त्रीला मानेनं खुणावलं. मिस्त्री छिन्नी घेऊन आला तेव्हा त्याचा हात थांबला, कारण फोटोवरच मारावं लागणार होतं.

"मार," अक्का म्हणाली. "याची ओकारी येत होती माझ्या भावाले. जिता होता तवा कोणी नाही ऐकलं त्याचं. मीबी नाही ऐकलं."